पायपेटीच्या दोन फळ्या

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक तोंडाचे भारी फटकळ. सांगलीत तालमीला सगळ्यांदेखत मला म्हणाले, "सातारच्या गणपतीत तुझी गिटार सिनेमातल्या गाण्यागत घोगरली न्हाई, तर पुण्याचा पोरगा आणतो. त्याच्याकडं पायानं दाबून आवाज बदलायचं विलायती पेडल हाय." मी विशीतला, साखर कारखान्यात वायरमन. मनात म्हटलं, आणा की तुमचा पुण्याचा! पण जागा गमवायची नव्हती. कारखान्यात मी नुसता दिवस ढकलायचो. जीव सगळा त्या गिटारीत.

विलायती पेडल कुठलं परवडायला? मोडक्या रेडिओचे ट्रान्झिस्टर काढले आणि पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात जोडणी केली. दाबायला ट्रकचा स्विच घातला, ड्रायव्हर पायानं हेडलाइट खालीवर करतो तो. दाबला की गिटार अशी घोगरायची, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "म्हस अडलीय का काय रं?" दुसऱ्या डब्यात 'वाँव-वाँव' आवाजाची जोडणी; तिचं बटण पायानं फिरवायचं. झकास जमलं. पण पाय ठेवला की डबे सतरंजीवर पळायचे आणि वायरी सुटायच्या. दोन्ही डबे एका फळीवर पक्के बसवायला हवे होते.

फळी करणार आबा, म्हणजे माझे वडील. नाटक कंपन्यांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. कंपन्या बंद पडल्या, कामं आटली. एका कंपनीची मोडकी पायपेटी, पायानं हवा भरून वाजवायची, दुकानात तशीच राहिली होती. कोणी विकत मागितली की आबा असे बघायचे, की गिऱ्हाईक पायरी उतरायचं. मी त्यांना इतकंच सांगितलं, "वाजवायच्या सामानाला फळी पायजे." पायानं दाबायचंय, हे खुशाल गिळलं.

आबांनी सागवानी फळी केली, पॉलिश केलं, आणि दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाद्याला लावायचे तसं हळदकुंकू लावलं. मला कुठला दम! तिथंच डबे ठेवले आणि चपलेसकट पाय दिला. नेमका कुंकवावर.

"वाद्याला पाय लावतोस?" आबा हळूच म्हणाले.

"आवं आबा, पायपेटीला बी लावत्यातच की!"

"त्यो हवा भरायला. सूर हातानं निघतो. पायानं सूर कवा काढलाय रं कुनी?"

धोतराच्या सोग्यानं त्यांनी फळी पुसली आणि डब्यांसकट उचलून आपल्या बैठकीमागं ठेवली. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटत होती, आणि रागही येत होता. कार्यक्रम तोंडावर आलेला आणि हे फळीला हात लावू देईनात.

साताऱ्याला निघायच्या सकाळी दुकानात गेलो, तर पायपेटी उघडी. खालच्या दोन्ही फळ्या, हवा भरायला पाय ठेवतात त्या, गायब. त्या माझ्या फळीवर बिजागरीनं बसवल्या होत्या. एक स्विचवर टेकलेली, दुसरी दोरीनं बटणाला जोडलेली. सहा वर्षं ज्या पायपेटीचा खिळा विकला नाही, ती आबांनी माझ्यासाठी मोडली होती.

"आता पाय पायाच्या जागी पडंल," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले. "चपला तेवढ्या काढ."

मी चपला काढल्या. "येताय का साताऱ्याला?"

"दुकान कोन बघंल?" आबा म्हणाले. दुकानात पंधरा दिवसांत चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

साताऱ्यात अनवाणी उभा राहिलो. माझी जागा आली, फळी दाबली, आणि घात झाला! वाद्याला पाय लागला म्हणून जन्माच्या सवयीनं हात खाली गेला, फळीला लागून कपाळाला टेकला. तेवढ्यात गिटारीची पहिली ओळ निघून गेली. लोक हसले, मालकांनी डोळे वटारले. दुसऱ्या गाण्यातही तेच! तिसऱ्याला नमस्कार मनातच उरकला आणि गिटारीवर तुटून पडलो. शिट्ट्यांनी मांडव दणाणला.

पडदा पडल्यावर मालक जाताजाता म्हणाले, "उद्या लोणंदला हेच आण." त्यांच्यामागं आबा उभे. एसटीनं आले होते, दुकान बंद करून. खाली बसून त्यांनी दोन्ही फळ्यांवरून हात फिरवला.

"आवाज घाण हाय," म्हणाले. "लय घाण. पन पाय सुरात पडतोय."