मिठाच्या बरणीमागची डबी

हे या आठवड्यापर्यंत माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीला नव्हतं, देवापुढं हात जोडले तरी दुसरंच काहीबाही पुटपुटत राहिले. तुम्ही माझ्या ना नात्यातले ना गावातले — म्हणून तुमच्याशी जीभ जरा सुटतेय.

आधी एक ऐकून घ्या. मी अशी-तशी बाई नव्हे. साताऱ्यापासून पाऊण तासावर आमचं गाव, तिथल्या शाळेची मी मुख्याध्यापिका होते. वर्गात पाय ठेवला की टाचणी पडली तरी ऐकू यायची. माझ्या हाताखालची पोरं फौजेत सुभेदार झाली, अजून रस्त्यात गाडी थांबवून पाया पडतात. गर्व आहे का मला? आहे की! का नसावा?

तर येत्या गुरुवारी मला साताऱ्याला दातांच्या सर्जनना पहिल्यांदा दाखवायचंय. खालची दाढ पार मुळापर्यंत किडलीय, आणि गालाच्या आत एक पांढरा डाग आहे. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तो पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली. मी काही घाबरले-बिबरले नाही. तयारीला लागले. बीपीच्या गोळ्यांची नावं, साखरेचा रिपोर्ट, जुना एक्स-रे, सगळं तारीखवार लावलं. डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न वेगळ्या कागदावर — भूल कसली देणार, गालाचा तुकडा तपासायला काढणार का, उपाशी यायचं की जेवून. माझी लेक स्नेहल सांगलीला बँकेत असते, ती रजा काढून आली. फाइल बघून म्हणाली, आई, तू डॉक्टरांचीच परीक्षा घेणार बहुतेक. मला लय बरं वाटलं.

दवाखान्यानं एक फॉर्मही पाठवला होता. स्नेहल विचारायची, मी सांगायची, ती लिहायची. एका रकान्याशी मात्र ती थांबलीच नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री — सवय आहे का, किती वर्षं, दिवसातून किती वेळा? मला विचारलंसुद्धा नाही तिनं. हसली, आणि ‘नाही’वर खूण करायला पेन टेकवलं.

मी म्हणाले, राहू दे, तो मी भरते. तू चहा टाक.

कारण मी मिश्री लावते. सत्तावीस वर्षं झाली. स्नेहलच्या वेळी, माझ्या बाळंतपणात, दाढ अशी ठणकली की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. सासूबाईंनी तव्यावर तंबाखू भाजली, चुरली, चिमूटभर बोटावर दिली. ठणका थांबला. बोट मात्र थांबलं नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी — न्हाणीत कडी लावून, नंतर दात दोनदा घासून, वर लवंग चावून. आणि शाळेत? शाळेत मी तंबाखूवर असं बोलायचे की आयाबाया रडायच्या.

एवढंच असतं तर तुमचा वेळ कशाला घेतला असता?

शाळेत आमच्याकडं शालन म्हणून होती. पोरांची खिचडी शिजवायची. हाताला काय चव, आणि कामाला वाघीण! तिला मिश्रीची सवय होती. माझं भाषण ऐकून एका सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली तिनं सगळ्यांदेखत शपथ घेतली आणि आपली डबी गटारात रिकामी केली. मीच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रोज सकाळी मी तिला म्हणायची, दात दाखव गं. ती खुशीनं दाखवायची. दीड वर्ष मी ते दात बघितलेत — पांढरे होत गेलेले. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

मग आमची शाळा तंबाखूमुक्त म्हणून जाहीर व्हायची ठरली. तपासणीला तालुक्याहून साहेब येणार. ते टेबलाचे खण, कपाटं, सगळं उघडून बघतात असं कळलं होतं. माझी दुपारची डबी खणात! घाईघाईनं मी ती खिचडीच्या खोलीत, मिठाच्या बरणीमागं ठेवली. तिथं कोण बघणार?

साहेबांनी तिथंच बघितलं.

डबी उघडली. काळी भुकटी. ओसरीवर चौथीची पोरं रांगेत बसलेली — स्नेहल त्यातच होती — सरपंच उभे, शालन हातात उलथणं घेऊन दारात. कुणी काही बोलायच्या आत मी बोलले. काय बोलले असेन? म्हणाले, शालन, झेंड्याची तरी लाज ठेवायचीस! तिनं उलथणं खाली ठेवलं. मग म्हणाली, “बाई, माझी न्हाई वो ती. मी सोडलीया, तुमी रोज बघताय की.” आणि मी — मी म्हणाले, मग काय डबी पायानं चालत आली का?

लोक हसले. पोरंही हसली. दुसऱ्या दिवसापासून खिचडीला दुसरी बाई आली. शालनला काढलं म्हणून शाळेला फलकही मिळाला, आणि माझा सत्कार झाला. नारळ, शाल, फोटो. तो फोटो मी बैठकीत लावला, काढला नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पण सत्काराचं बरंही वाटलं, ते कशाला लपवू?

तर फॉर्म. ‘नाही’ लिहिलं तर डॉक्टर तो डाग साधा समजतील, कदाचित सोडूनही देतील. ‘होय’ लिहिलं तर लेक वाचणार. मी लिहिलं — होय, मिश्री, सत्तावीस वर्षं, दिवसातून तीन वेळा. अक्षर ठसठशीत आलं. हे मी मुद्दाम सांगते.

स्नेहल चहा घेऊन आली. वाचलं. दोनदा वाचलं. डागाबद्दल बोलेल, रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “मग शालनमावशीची ती डबी?”

माझी, म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या वर्गातलं कुणी माझ्याकडं कधी तसं बघितलं नव्हतं.

काल मी शालनकडं गेले. खालच्या आळीत राहते, सतरा वर्षांत तिच्या दारात गेले नव्हते. ती अंगणात शेंगा फोडत होती, सून शेजारी. मी उभ्यानंच सांगितलं, सुनेदेखत, मोठ्यानं. शाळेत सांगायची तसं, एका दमात. डबी माझी होती. तू सोडलेली मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, “माझी सासू मरुस्तवर म्हनत हुती, झेंड्याखाली खोटं बोलली ही. माझ्या हातचं पानीबी शेवटाला घेतलं न्हाई तिनं. आता तिला कोन सांगनार, बाई?”

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर पुन्हा तिलाच मला काहीतरी द्यावं लागलं असतं. चपला घातल्या आणि घरी आले.