थारोळ्यापासून बाभळीपर्यंत

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. पलीकडे संजय होता, आत्याच्या दिराचा मोठा मुलगा. आत्या गेली, असं काही तो म्हणाला नाही. "तुमी कवा पोचताय तेवडं सांगा, म्हंजी थांबायचं का न्हाय ते ठरवाय बरं," एवढंच म्हणाला. माणूस गेलंय हे मला त्या वाक्यातून काढून घ्यावं लागलं. मी थांबा म्हटलं आणि ते थांबले, हे सांगायलाच हवं, खोटं कशाला बोलू? पण सोलापूरहून उजनीकाठचं ते गाव गाठेपर्यंत तिरडी बांधून तयार होती आणि निम्म्या माणसांचं लक्ष रस्त्याकडे होतं. रानात ऊसतोडीची टोळी आलेली, गाडी भरायची खोळंबलेली. म्हातारीनं मरायला निदान सवडीचा दिवस बघायचा होता, असं चारचौघांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. आत्यानं जन्मात कधी कुणाची सवड बघितली नाही, मरताना ती कशाला बघेल…

कौसल्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही तिला कौसाआत्या म्हणायचो. दहाव्याला तिच्या दिरानं, म्हणजे आण्णांनी, चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर 'प्रेमळ, मनमिळाऊ, मायेची सावली' असं लिहिलं होतं आणि खाली शोकाकुल म्हणून आण्णा, त्यांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं झाडून सगळी. मी तो फ्लेक्स वाचत बराच वेळ उभी होते. माझी आत्या प्रेमळ वगैरे अजिबात नव्हती. जेवायला वाढतानासुद्धा टोमणा मारल्याशिवाय तिचा हात पुढं यायचा नाही. मनमिळाऊ म्हणाल तर निम्म्या गावाशी तिचं वाकडं होतं आणि उरलेल्या निम्म्याशी ती बोलत नव्हती. तिच्यावर माझा जीव होता तो या सगळ्यासकट होता. गोडगोड बोलणारी माणसं आमच्या घरात कमी नव्हती, पण त्यातलं एकही ऐन वेळी उपयोगाला आलेलं मला आठवत नाही.

धरण भरलं तेव्हा आत्या त्या घरात नवी सून होती. जुनं गाव पाण्याखाली गेलं, लोक वरच्या माळावर येऊन राहिले. बदल्यात मिळालेली जमीन सासऱ्यांच्या नावावर लागली आणि सासरे गेल्यावर ती नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या, आण्णांच्या नावावर चढली. आत्याचा नवरा भला माणूस. तो म्हणाला, घर एकच हाय, नाव कुनाचं का असंना. आमच्या भागात या एका वाक्यानं माणसांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं धरणानंही केलं नसेल. पुढं एका उन्हाळ्यात, हटत चाललेल्या पाण्यामागं मोटार सरकवताना त्याला शॉक बसला आणि तो जागीच गेला. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या एकाच घराची दोन घरं झाली होती. आत्याला गोठ्याकडेची खोली मिळाली. जमिनीचं विचारलं तर आण्णा म्हणाले, कागद बघा की. कागद बरोबरच होते.

उरली ती गाळपेर. बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाला धरणाचं पाणी ओसरायला लागलं की बुडालेली जुनी रानं एकेक करून वर येतात, त्यांच्यावर मऊ काळा गाळ साचलेला असतो. त्यात पेरायचं आणि पावसाळ्यात पाणी परत चढायच्या आत काढून घ्यायचं. ही जमीन कागदोपत्री सरकारची. पण तिथं कागद चालत नाहीत, तिथं आठवण चालते. कुणाचं रान कुठून कुठवर होतं हे गावाला अजून तोंडपाठ आहे आणि जुन्या हद्दी पाण्याखाली जाऊनही मोडलेल्या नाहीत. नियम एकच. पाणी हटलं की मालकानं स्वतः चिखलात उतरून बियाण्याची पहिली मूठ टाकायची. तो उतरला नाही तर त्या वर्षी ती पट्टी भावकीनं करायची. आणि भावकीनं एकदा केलेली पट्टी मालकाला परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आत्याच्या नवऱ्याची पट्टी जुन्या मोटेच्या विहिरीपाशी होती. मोटेचं पाणी ज्यात ओतायचे ते दगडी कुंड, म्हणजे थारोळं, तिथून एका वठलेल्या बाभळीच्या बुंध्यापर्यंत. जगात आत्याचं म्हणून होतं ते एवढंच, आणि तेही वर्षाचे चार महिने. बाकीचे आठ महिने त्यावर मासे फिरायचे.

नवरा गेला त्या वर्षापासून ती एकटी त्या चिखलात उतरायला लागली. मूग टाकायची, चवळी टाकायची, कडेनं वाळकं लावायची. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची तेव्हा आम्ही दोघी लुगड्याचे, परकराचे ओचे खोचून गुडघाभर गाळात चालायचो. खेळता खेळता मी एकदा बाभळीच्या पलीकडे गेले तर तिनं दंडाला धरून मागं ओढलं. "पल्याड पाय टाकू नगंस, ती आण्णाची हद्द हाय. आपुन त्याच्यात गेलो की त्यो आपल्यात येतुय." एवढा कायदा मला पुढं कुणी शिकवला नाही. मी नोकरीला लागल्यावर माघ महिन्यात तिचा फोन ठरलेला असायचा. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. आज थारोळ्याचा काठ दिसला, इतकं सांगून ठेवून द्यायची. जून महिन्यात एसटीच्या कुणातरी ओळखीच्या कंडक्टरबरोबर मुगाचं पोतं यायचं. त्यात खडे निघायचे. खडे निघाले असं सांगितलं तर म्हणायची, फुकटचं खाऊन वर धरमाच्या गाईचं दात मोजतीस.

गेल्या वर्षी ती गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून मी तिला सोलापूरला माझ्याकडे आणलं. चालायला येत नव्हतं, वॉकर तिला आवडत नव्हता आणि माझ्या घरातल्या कुठल्याच माणसाचं तोंड तिला बघवत नव्हतं. गावाकडून कुणीतरी सांगितलं की थारोळं उघडं पडलंय. त्या क्षणापासून तिनं जेवण टाकलं. शेवटी भाड्याची गाडी करून मी तिला घेऊन गेले. वरच्या वाळलेल्या अंगाला संजयचा ट्रॅक्टर उभा होता, मक्याचं बियाणं खाली उतरवलेलं होतं. माणूस जिवंत असतानाच त्यांनी वारस लावून घेतला होता. आत्यानं गाडीतनं एक प्लॅस्टिकची खुर्ची काढायला लावली. ड्रायव्हरनं आणि मी तिला खुर्चीसकट उचलून पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं. खुर्चीचे पाय निम्मे गाळात गेले. तिनं ओटीतनं मूग काढून, बसल्या जागेवरून हात पोचेल तिथवर भिरकावला.

संजय ट्रॅक्टरवर बसूनच म्हणाला, "काकू, उठा की आता. मला वळवायचाय."

"वळव की," आत्या म्हणाली. "माज्यावरनं वळव."

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. संजयच्या धाकट्या भावानं मोबाईलवर तिचे फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले, आणि लोक दोन दिवस हसले. ट्रॅक्टर मात्र निघून गेला. त्या वर्षी मूग बरा आला. फ्लेक्सवर आत्याचा जो फोटो छापला तो त्यातलाच. खुर्ची आणि चिखल तेवढा कापून काढला होता. कपाळाला आठ्या, डोळे थेट ट्रॅक्टरवर, आणि त्याखाली 'मायेची सावली'. दुसरा फोटोच नव्हता म्हणे. खरंच असेल. तिचा फोटो काढावा असं कुणाला कधी वाटलंय…

शेवटची भेट या संक्रांतीला झाली. तोवर ती हट्टानं आपल्या खोलीत परत गेली होती. अंगात काही उरलं नव्हतं, जीभ तेवढी शाबूत होती. तिळगूळ हातात घेऊन म्हणाली, गोड बोल कुणाशी, भिंतीशी? मग जवळ बोलावलं. आमच्याकडे पुष्कळ जण राख पाण्यात न सोडता आपल्याच शेतात पुरतात, वर एखादं झाड लावतात, आणि तेवढ्या जागेवर पुन्हा कुणी औत घालत नाही. आण्णांनी स्वतःच्या वडिलांची राख तशीच पुरली, तिथं आता डेरेदार आंबा आहे. आत्यानं हे सगळं विचार करून ठेवलं होतं.

"माजी राख थारोळ्यापाशी पुरा. झाड नगं, झाड बुडतंय. नुस्ती राख," ती म्हणाली. "पानी हटंस्तवर गाडगं खोलीत टांगून ठिव. मेल्यालं मानूस निजलंय म्हनल्यावर कोन रोटर घालंल त्याच्यात?"

मला रडू आलं, तशी ती चिडली. ती माझ्याशी मरणाबद्दल बोलतच नव्हती, जमिनीबद्दल बोलत होती. जिवंतपणी खुर्ची मांडून जे राखलं, ते मेल्यावर राख मांडून राखायचं, असा तिचा साधा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. पाणी पट्टीवरून अजून हटलं नव्हतं, महिनाभर तरी हटणार नव्हतं. मी आण्णांना बाजूला घेऊन आत्याची इच्छा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राख अशी ठेवू नये, घराला बरं नसतं, भीमामाईत सोडली की जिवाला गती मिळते, असं बरंच काही ते बोलले. त्यांच्या तोंडून मी शास्त्र पहिल्यांदाच ऐकत होते. तुमच्या वडिलांना आंब्याखाली गती मिळाली ना, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, लोक बघायला लागले.

"तुमी पाव्हन्या हाय ताई," आण्णा म्हणाले. "पाव्हन्यानं पाव्हन्यावानी ऱ्हावं."

गाव आठवणीवर चालतं म्हणून मी वर लिहिलंय, पण त्या दिवशी एकालाही काही आठवलं नाही. माझे वडील असते तर ते बोलले असते असं मी मनात म्हटलं, पण तेही खरं नाही. ते बहिणीसाठी कधी बोलले होते? गाडगं घेऊन पुरुषमाणसं शिवामामाच्या होडीत बसली. शिवामामा तिथलेच, धरणात मासे धरतात. बायका होडीत येत नाहीत म्हणून मी काठावर राहिले. होडी लांब गेली, थांबली, परत आली. बघताना मला एवढंच वाटत होतं की बाई हरली. सगळा जन्म त्या पाण्याशी भांडली आणि शेवटी तिला पाण्यातच ढकलली.

महिन्याच्या विधीला पुन्हा गेले. परत निघताना फाट्यावर शिवामामा माशांची पाटी घेऊन बसलेले दिसले. त्यांनीच हाक मारली. आण्णांना त्या दिवशी पार मधल्या धारेला जायचं होतं, असं शिवामामा सांगायला लागले. शिवामामांनी धारेच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद केलं आणि पुढं जाळी लावलेली आहेत, अडकतील, हितंच सोडा म्हणून सांगितलं. टोळी खोळंबली होती, आण्णांनी फार विचार केला नाही.

"जाळी कुटली ओ तितं," शिवामामा खाली बघत म्हणाले. "थारोळ्याला अडकून फाटत्यात म्हनून तितं कोन टाकतच न्हाय. बरोबर थारोळ्यावर सोडली बगा. म्हातारीनं मलाबी सांगून ठिवल्यालं. म्हनली, भाचीचं कोन ऐकनार न्हाय."

मी गाडी परत फिरवली. पाणी हटून पट्टी उघडी पडली होती, थारोळ्याचे दगड उन्हात वाळत होते. संजय ट्रॅक्टरमागच्या फिरत्या पात्यांनी गाळ उलथत, रोटर मारत बाभळीकडून थारोळ्याकडे येत होता. आण्णा कडेला उभे होते. चिखलातनं चालत मी त्यांच्यापाशी गेले आणि सगळं सांगितलं. होडी कुठं थांबली होती, राख कुठं बसलीय, तुमच्या वहिनी या क्षणी कुठं आहेत. त्यांना पटलं. चेहऱ्यावरून कळत होतं की पटलं. त्यांनी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला आणि थारोळ्याच्या पुढच्या गाळाकडे बघत राहिले. मला वाटलं, आत्या जिंकली. एवढ्याशा चौकोनापुरती का होईना, जिंकली.

आण्णांनी पायातल्या चपला काढल्या. डोक्यावरची टोपी काढून हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलत होते, काहीतरी म्हणत असावेत. मग टोपी घातली, चपला हातात घेऊन बाजूला झाले आणि संजयला म्हणाले, "चालू कर."

रोटर थारोळ्याला टेकेपर्यंत गेला आणि वळला. मका आता चांगला वर आलाय, असं कळतं. पट्टी त्यांची झाली, आत्यासकट.