खोलीखालची जमीन

पुण्यात कॉलेजच्या आसपास खोली शोधणाऱ्या मुलाला घरमालक तीन प्रश्न विचारत. लग्न झालंय का? मटण खाता का? आणि मग, वरपासून खालपर्यंत बघून, गाव कुठलं? माझी उत्तरं ठरलेली: नाही, हो, मुळशी. तिसऱ्या उत्तराला दार लागायचं. एका गृहस्थांनी जिन्याखालची जागा दाखवली. तिथे ताठ उभं राहता येत नव्हतं आणि भाडं पंधरा रुपये. ही जागा माणसासाठी आहे की सरपणासाठी, असं मी विचारलं. तीही गेली.

माझे वडील पौडच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी बजावलं होतं, गुरुवारपर्यंत परवडेल अशी खोली मिळाली तर शीक. नाहीतर शुक्रवारी माझ्याबरोबर कचेरीत ये, साहेबांनी उमेदवार कारकुनाची जागा धरून ठेवलीय. पौडहून सायकल मारत सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला पोचण्याचा प्रयत्न मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा वर्गाचं दार बंद. म्हणजे खोली नाही तर कॉलेज नाही, आणि तो बुधवार होता.

पुण्याचा नाद सोडून मी परत निघालो. खिंड ओलांडून मुळशीच्या बाजूला उतरलं की रस्त्याला लागून पहिलं गाव येतं. तिथे पाणी मागायला थांबलो आणि ती दिसली. घराच्या कडेला नवी कोरी खोली, कुडाच्या भिंती, वर कौलं, दाराला कडी. दारातून आत डोकावलो तर सारवलेल्या जमिनीवर एक टोपली आणि दोन भोपळे, बस. खिडकीसुद्धा होती. इथून कॉलेज सात मैल! खिंडीपर्यंतचा चढ सोडला तर पुढे कोथरूडपर्यंत सायकल आपली आपण पळते.

ओट्यावर एक म्हातारा दावं वळत बसला होता. त्याला विचारलं, "बाबा, ही खोली कुणी वापरत नाही का?"

"थोरल्यासाठी बांदली. त्यो बायकूच्या गावी जाऊन बसला. आता भोपळं ऱ्हात्यात."

"मला भाड्यानं द्याल? कॉलेजात जातो मी."

त्याने आत बघून हाक मारली, "अगं, कालेजात जानारा हाय म्हनं." आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "दारू पितो का इचारा." मी पीत नाही म्हणालो. महिना पाच रुपये ठरले. इतकं सरळ, इतकं पटकन. मी तिथेच नाचायचं तेवढं बाकी होतं.

आणि मी म्हणालो, "दर महिन्याला पावती द्याल ना?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. दोन वर्षं मी या तालुक्यात पत्रकं वाटत हिंडलो होतो. कुळांनो, पावतीशिवाय मालकाच्या हातात एक पायली धान्य ठेवू नका, असं प्रत्येक पत्रकात जाड टायपात छापलेलं असायचं. पावती मागणं माझ्या जिभेवरच बसलं होतं.

"तुमी त्ये पत्रकवालं न्हवं?" तो म्हणाला. "देवळाम्होरं खोक्यावर हुबं ऱ्हाऊन वराडत व्हता त्ये?"

मी खूश होऊन हो म्हणालो. तोही खूश होता, पण वेगळ्या कारणानं. सापडला, असा.

"मग न्हाई द्यायची खोली."

"का?"

"वड्याकडचं रान पुन्यातल्या मालकाचं व्हतं. मी कूळ. तुमचं ऐकून समद्या पावत्या कचेरीत नेऊन टाकल्या, आन रान माज्या नावावर झालं. आता मी तुमाला पावती देऊ? धा वर्सांनी तुमी न्ह्याल की कचेरीत."

"बाबा, तो कूळकायदा शेतीचा आहे. खोलीचा नाही."

"खोली काय वाऱ्यावर हाय का? तिच्याखाली काय हाय? जमीनच की."

मी चिडलो. कलमं सांगितली, कसणं म्हणजे काय ते सांगितलं, हातवारे केले. चार गावं ज्या भाषणानं हलवली ते भाषण मी उलटं करून एका माणसापुढे केलं आणि तो जागचा हलला नाही. राग त्याचा नव्हताच खरं तर. शिकवलं मीच होतं, आणि तो पहिला माणूस होता ज्याने शब्दन् शब्द मनावर घेतला होता.

आतून मावशी, म्हाताऱ्याची बायको, हात पुसत बाहेर आल्या. "पोरगं घामानं भिजलंय. ऱ्हाऊ द्या की. कायतरी ल्हून घ्या त्याच्याकडनं."

"ल्हून देतुया?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी पिशवीतून एक उरलेलं पत्रक काढलं, मागची कोरी बाजू वर केली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. खोली त्याची. खालची जमीन त्याची. दारात भाजीचं आळं करणार नाही, वाल-घेवडा लावणार नाही, मातीला खुरपं लावणार नाही.

"आन चूल," तो म्हणाला. "चूल मांडायची न्हाई. येगळी चूल पेटली की येगळं घर झालं. जेवायचं आमच्यात."

"जेवणाचे किती?" मी विचारलं.

"तुला पावती पायजे का भाकरी?" मावशी म्हणाल्या.

शेवटी मी लिहिलं, या खोलीवर माझा कसलाही हक्क नाही व पुढेही असणार नाही. हक्क हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेन, नाही हा शब्द त्याला जोडून कधीच नाही. सही ठोकली ती मात्र इतक्या जोरात की निबानं कागद फाटला.

तो रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला होता. बोट फिरवत एकेक अक्षर लावत त्याने सगळं वाचलं, सहीसकट, आणि मागची छापील बाजूही वाचायला घेतली. मी उभा. ऊन उतरायला लागलं होतं आणि पौड अजून दहा-बारा मैल होतं. जाड टायपापाशी येऊन तो थांबला, माझ्याकडे बघून त्याने दात काढले, मग कागदाची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातली.

"भोपळं काडून घे गं," तो बायकोला म्हणाला. मग मला, "उद्याच ये. सामान किती हाय?"

"एक ट्रंक."

"आन कागदं?"

"दोन गठ्ठे आहेत पत्रकांचे."

"त्ये हितं गावात वाटायचं न्हाई," तो म्हणाला. "झालं तेवडं बास हाय."

ते मी कबूल केलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. सायकलवर टांग टाकली आणि पौडकडे सुटलो. कचेरी सुटायच्या आत वडिलांना गाठायचं होतं, साहेबांनी धरलेली जागा सोडा म्हणून सांगायला.