तपासनीसांची ठसकणारी गाडी

तपासनीस निवृत्त झाले, तपासणं मात्र थांबलं नाही. वजनकाट्यांच्या खात्यात त्यांची हयात गेली होती. दुकानात शिरल्यावर काट्याआधी दुकानदाराकडे संशयाने बघायचं, ही तिथली सवय. ती आता बायकोच्या वाट्याला आली. दूध कुणी उतू जाऊ दिलं, नळ ठिबकतो कसा, पायपुसणं वाकडं का. घरात संशयापलीकडे फक्त त्यांची जुनी पांढरी गाडी होती.

तिचे झाले तेवढे लाड पोटच्या मुलीचेही झाले नव्हते. रोज सकाळी ते गाडी धूत. नुसती वरवर नाही, बॉनेट उघडून इंजिनावर पाइप सोडत, साबण लावत, जुन्या बनियनने पुसत. शेजारी म्हणत, "काका, तुमच्या इंजिनावर ताट मांडून जेवावं." शेजाऱ्यांचा टोमणा ते कौतुक म्हणून घेत.

मग गाडी झटके खायला लागली. सकाळी निघाली की कोपऱ्यावरच ठसकायची, पिकअप जायचा, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. मागचे हॉर्न बडवायचे. गॅरेजवाल्याच्या हाती लागेपर्यंत मात्र चांगली तापून शहाण्यासारखी चालायची.

गॅरेजवाल्याला जगातलं सगळं माहीत होतं, निदान "माहीत नाही" म्हणताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. त्याने डोळे मिटून इंजिनाजवळ कान नेला.

"काका, मिसिंग आहे. इंजिन मध्येच ठोका चुकतंय."

"ते मलाही कळतंय. कशामुळे?"

"प्लग गेलेत."

प्लग बदलले. गाडी पुन्हा ठसकली. मग प्लगवरची कॉइल गेली, मग इंजेक्टर तुंबले, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पेट्रोलमध्ये भेसळ निघाली. भेसळ म्हटल्यावर तपासनीसांच्या अंगात जुनं खातं संचारलं. पंपावर जाऊन त्यांनी बाटलीत पेट्रोल घेतलं, उन्हात धरलं, हुंगलं आणि पंपावरच्या माणसाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "काका, गाडी जरा बाजूला घ्या, मागे रांग लागलीय."

शेवटी खापर बायकोवर फुटलं. ती अधूनमधून दुपारी गाडी घेऊन बहिणीकडे जायची.

"तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

"माझ्या हातात ती कधी ठसकत नाही."

"ठसकत असणार. तुला कळत नसणार."

बायकोने विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून.

पुढे तपासनीसांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. पलंगावरून ते रोज फर्मान सोडत, "गाडी धुतलीस का?" बायको "हो" म्हणायची आणि न धुता निघायची. दवाखाना, बाजार, बहिणीचं घर, सगळं सकाळी सकाळी झालं. गाडीने एकदाही हूं की चूं केलं नाही. बायकोने ते मनात ठेवलं.

टाके निघाले, ताकीद उठली, आणि पहिल्याच सकाळी तपासनीसांनी सगळी कसर भरून काढली. इंजिन फेसाने माखलं. बायको शेजारी बसली. कोपऱ्यावर गाडी ठसकली.

"इथेच बंद करा," ती म्हणाली, आणि तिने फोन करून गॅरेजवाल्याला तिथेच बोलावलं. तो आला, वाकला, कान पुढे केला.

"कान राहू द्या. कॉइल काढा आणि खाली बघा."

त्याने कॉइल उपसली. प्लगच्या खोबणीत पाणी साचलं होतं, वर साबणाचा फेस.

"रबर म्हातारं झालंय, पाणी आत शिरतं, इंजिन तापलं की उडून जातं," गॅरेजवाला म्हणाला. "मला पहिल्यापासून शंका होतीच."

तपासनीसांनी वाकून खोबणीतला फेस बोटावर घेतला, हुंगला. मग म्हणाले, "हल्ली साबणात काही दम राहिला नाही."

संध्याकाळी बागेतल्या बाकावर ते मित्रांना समजावून सांगत होते. "लोकांना इंजिन धुवायची भारी हौस. शेवटी मीच मुळाशी गेलो." मागच्या बाकावर बसलेल्या बायकोने शब्दन् शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन बहिणीकडे गेली आणि तिकडेच राहिली. तपासनीसांनी दोन दिवस वाट पाहिली, मग फोन केला.

"गाडी कधी येणार?"

"तिला इथे करमलंय," बायको म्हणाली. "इथे तिला कुणी काही विचारत नाही."