चौदा नंबरची फळी

भंडाऱ्याबाहेर हायवेला लागून एक गोदाम आहे. तिथे मी चार वर्षं काम केलं. दुपारी बारापर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी पोचली पाहिजे, हे माझं काम. कोणाचा माल आधी काढायचा, कोणत्या गाडीत चढवायचा, गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची, हे मी स्क्रीनसमोर बसून ठरवायचो. आमचं घर एकोडी गावचं, धानाच्या शेतीचं. बांधीतल्या चिखलापेक्षा खुर्ची बरी, असं तेव्हा वाटायचं.

माल काढणाऱ्यांत पन्नाशीकडे झुकलेली एक बाई होती. घरचे सगळे तलावात मासे धरणारे. हीच एकटी गोदामात आलेली. तिच्याइतका झपाझप हात कोणाचा चालत नसे. कोणती वस्तू कोणत्या फळीवर, तिला तोंडपाठ होतं. का पाठ होतं, ते फक्त मला माहीत होतं. तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"चष्मा काहून नाही करत?" मी एकदा विचारलं.

"चष्मा दिसला का म्हणतीन, म्हातारी झाली, घरी बसवा. तुमी कोणाले सांगू नका भाऊ."

मी कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी वरून हुकूम आला, जास्त खपणारा माल दाराजवळच्या फळ्यांवर आणा. रविवारी आम्ही सगळं हलवलं. सोमवारी सकाळी फळ्यांचे नवे स्टिकर आलेच नाहीत. माल काढणाऱ्यांच्या हातातलं यंत्र फक्त फळीचा स्टिकर तपासायचं, फळीवर काय ठेवलंय ते त्याला कळत नसे. थांबलो असतो तर पहिल्या गाड्या चुकल्या असत्या. मी म्हणालो, "जुन्या स्टिकरवरच सुरू करा. डब्यावरचं नाव वाचून माल काढा." हे बोलताना ती माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी चारला चिखला गावाहून फोन आला. खाणीत काम करणारा माणूस होता. "साहेब, हा डबा तो नोहोय. माह्या लेकराले साधं दूध पचत नाही. घरचा डबा सकाळीच संपला. पेजेवर ठेवलं हाये त्याले."

त्याने मागवली होती दूध न पचणाऱ्या बाळांची पावडर. ती आधी चौदा नंबरच्या फळीवर असायची; तिथे आता साधे डबे होते. रंग तोच, आकार तोच.

चिखल्याची गाडी केव्हाच पुढे गेली होती. गोदामात एकच गाडी उभी होती, जवाहरनगरच्या क्वार्टरांच्या अकरा ऑर्डरी भरलेली. दोन्ही गावं दोन टोकांना. ती गाडी वळवली असती तर अकराच्या अकरा ऑर्डरी उशिरा पोचल्या असत्या, आणि त्याचा जाब मला द्यावा लागला असता. "उद्या सकाळची पहिली गाडी तुमचीच," मी म्हणालो. मागे लेकरू रडत होतं. मी फोन ठेवला.

सकाळी बरोबर डबा पोचला, पण तक्रार वर गेली होती. यंत्राने तिचं नाव दाखवलं. मॅनेजरने मला विचारलं, "कोणाची चूक?"

"माल तिने काढला," मी म्हणालो. वाक्य खोटं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिचं ओळखपत्र परत घेतलं. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. "भाऊ, स्टिकरचं सायबाले सांगतलं ना तुमी?"

"हो," मी म्हणालो.

मॅनेजरला खरं सांगायला मला पंधरा दिवस लागले. तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "तिच्या जागी माणूस लागलाय. आता कशाला उकरता?"

तिचं गाव शोधत मी एका सकाळी गेलो. ती तलावाच्या पाळीवर बसून मासे साफ करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माझं खोटंही. ती बोटांनी चाचपत खवले काढत राहिली.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी 'हो' म्हणाले, पण वर पाहिलं नाही."

मग तिने मला बसायला घरातून मोडा आणायला लावला, चहा दिला, आमच्या धानाची चौकशी केली. ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती रागावली नाही. गोदामात परतल्यावर दुपारच्या गाड्या लावायच्या होत्या. त्या मी वेळेत लावल्या.

पुढे वर्षभर मी तिथेच होतो.