सिग्नलमामांची शिकवणी

मोडेम कार्डांच्या त्या चिंचोळ्या दुकानात सिग्नलमामांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. नुसतं कार्ड विकून गिऱ्हाइकाला वाटेला लावतील तर ते मामा कसले? आधी शिकवणी. मोडेम कार्ड म्हणजे दुभाषा. लॅपटॉपचं म्हणणं टॉवरला सांगतो, टॉवरचं लॅपटॉपला. बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी. रस्ता अरुंद असला की चित्र धूसर येणारच. आणि लेटन्सी म्हणजे जिन्याखालून हाक मारल्यावर वरून ओ यायला लागतो तो वेळ. घाईतली गिऱ्हाइकं माना डोलवून पळ काढत.

शेवटपर्यंत ऐकणारी विद्यार्थिनी एकच, दुसऱ्या शहरातली त्यांची थोरली बहीण. आई कुणाकडे राहणार यावरून दोघं कडाकडा भांडली होती. "मी असताना तुमच्या एका खोलीत कशाला?" म्हणत ताई आईला घेऊन गेली आणि मामांनी नमतं घेतलं. अट एकच घातली, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई दिसली पाहिजे. त्यासाठी चांगल्यातलं कार्ड पाठवलं, फोनवरून एकेक शब्द शिकवला. ताई भराभर उचलायची. मामांना कोण कौतुक!

पुढे आई धूसर दिसायला लागली. "बँडविड्थ कमी आहे रे," ताई सांगायची. आई विचारलेलं सोडून भलतंच बोलायची. "लेटन्सी," ताई सांगायची. भेटायला येतो म्हटलं की तिच्याकडे काहीतरी अडचण निघायची. मामांना संशय आला नाही. उलट शब्द कसा जागच्या जागी बसला म्हणून ते सुखावायचे. त्यांची बायको घर सोडून गेली त्या आठवड्यात तर ते आईसमोर लहान पोरासारखे रडले. आई जरा थांबली आणि म्हणाली, "जेवलास का?"

मग एकदा दुकानात एका बाईंनी विचारलं, "लेटन्सीत ओ उशिरा येते, पण आपल्याच हाकेला ना?"

"आपल्याच," मामा म्हणाले. "उशीर होतो, अदलाबदल होत नाही."

बोलून गेले आणि आईची भलतीच उत्तरं आठवून पुढची शिकवणी विसरले.

त्या रविवारी त्यांनी आईला सांगितलं, "आई, जरा हात वर कर."

आई हसत होती. हात मांडीवरच होते. मामांनी वाट पाहिली, समोरचा चहा गार झाला. मग आई मान कलती करून म्हणाली, "जेवलास का?" मागच्या रविवारीही मान अशीच कलली होती.

"लेटन्सी आहे रे आज," ताई म्हणाली.

"ताई, कॅमेऱ्यासमोर धरलेला तो दुसरा मोबाइल खाली ठेव."

चित्र हललं, छत दिसलं, मग ताईचा चेहरा.

"कुठे आहे ती?"

"वृद्धाश्रमात. थंडी पडायला लागली तेव्हापासून. मला ओळखेनाशी झाली रे, अंगावर धावून यायची. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? भांडून आणली होती मी तिला. जुन्या क्लिपा होत्या, त्या लावत गेले."

आश्रमाचा मामांना राग आला नाही. सांगितलं असतं तर दोघांनी मिळून निभावलं असतं. परक्याने फसवलं असतं तरी कानाला खडा लावून ते मोकळे झाले असते. इथे त्यांच्याच शब्दांनी सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला होता. गुरूची विद्या गुरूला.

"आणि मी रडलो तेव्हा?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "तेव्हा क्लिप थांबवली होती. मग वाटलं, आई काहीच बोलली नाही तर तुला कळेल. म्हणून तो तुकडा लावला."

त्या दिवशी मामा डोळे पुसून उठले होते. कितीतरी दिवसांनी गॅस पेटवून त्यांनी भात टाकला होता आणि आईने विचारलं म्हणून पोटभर जेवले होते.