चौथ्या ओळीतला हात

विद्यापीठाच्या सभागृहात माइक लावणाऱ्या त्या माणसाला सगळे 'माइकवाले' म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. वीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेचे वक्ते पाहिले होते. कोण माइक गिळायला निघणार आणि कोण त्याला विंचू असल्यासारखं लांब ठेवणार, हे त्याला माणूस व्यासपीठाच्या पायऱ्या चढतानाच कळायचं.

विद्यापीठाने बाहेरच्या लोकांसाठी महिन्यातून एका शनिवारी खुली व्याख्यानं सुरू केली, तेव्हा त्याच्याकडे आणखी एक काम आलं. व्याख्यान संपलं की हातातला माइक घेऊन श्रोत्यांत फिरायचं आणि ज्याचा हात वर असेल त्याच्या तोंडापुढे धरायचा. माइक सोडायचा मात्र नाही. एकदा दिला की लोक भाषण ठोकतात. हे काम त्याला फार आवडायचं. कोण बोलणार हे शेवटी त्याच्या पायांवर ठरत होतं ना!

त्याची थोरली बहीण एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं राबून निवृत्त झाली होती. आईवडील लवकर गेले, त्याला तिनेच वाढवलं. यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून ताईचा आवाज असा झाला होता की तिने जेवताना मीठ मागितलं तर शेजारची बाई बरणी उचलायची.

त्या महिन्यात इतिहासाच्या बाई जुन्या लाँड्र्यांमधल्या कामगार बायकांवर बोलणार होत्या. विद्यापीठाच्या फाटकावर लावलेला त्याचा कागद ताईने वाचला.

"धाकट्या, मी येणार हं."

"अगं, पुस्तकी बोलणं असतं ते. कंटाळशील."

"कंटाळले तर झोपेन. खुर्च्या मऊ आहेत म्हणतोस ना?"

ती आली, चौथ्या ओळीत कडेला बसली आणि लांबूनच त्याला हात केला. त्याने वायरींत डोकं खुपसलं. पाहिलंच नाही असं दाखवलं.

बाईंनी पडद्यावर एक फोटो लावला. ओळीने उभ्या असलेल्या बायका, सगळ्यांच्या हातांना मनगटापासून कोपरापर्यंत कापडाच्या पट्ट्या. "ही त्यांच्या एकजुटीची खूण असावी," बाई म्हणाल्या. माना डोलल्या. आणि ताई हसली, खळखळून, मोठ्याने. पुढच्या ओळीतले दोघं-तिघं वळून पाहू लागले. माइकवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रश्नांची वेळ आली. पहिला हात ताईचा. तो तिच्या दिशेने चार पावलं गेला आणि वळला. हिच्या आवाजाने स्पीकर किंचाळेल, असं त्याने मनाशी म्हटलं. आधी एका निवृत्त अधिकाऱ्यापुढे माइक धरला, मग एका विद्यार्थिनीपुढे, मग पुन्हा त्याच अधिकाऱ्यापुढे. ताईचा हात वरच. दुखायला लागला तशी तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला.

"एक शेवटचा घेऊ," म्हणत बाईंनी चौथ्या ओळीकडे पाहिलं.

"वेळ संपली, बाई," तो म्हणाला. अजून दहा मिनिटं होती.

घरी जाताना ताई त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली. मग वळणावर थांबली.

"तीनदा मला टाळून दुसरीकडे वळलास."

"ताई, गर्दीत दिसलं नाही गं."

"माझ्याकडे बघून वळलास, धाकट्या." हे ती इतक्या हळू बोलली की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"काय विचारायचं होतं तुला?"

"विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. ती खूणबीण काही नाही. वाफेने हात पोळायचे, म्हणून फाटक्या चादरींच्या पट्ट्या बांधायचो. आधीच्या बायकांनीच शिकवलेलं आम्हाला. जाऊ दे आता."

दोन रात्री त्याला नीट झोप लागली नाही. सोमवारी तो बाईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच पट्ट्यांचं सांगून टाकलं. "एका ओळखीच्या बाईंकडून कळलं," म्हणाला. तिथेही जीभ कचरलीच.

बाई खुर्चीतून उठल्याच. "चौथ्या ओळीतल्या? ज्यांचा हात वर होता? कोण त्या?"

"बहीण माझी. सख्खी."

"अहो, मग माइक का नाही दिलात?"

त्याने जमिनीकडे पाहिलं. "लाज वाटली मला तिची."

मनात होतं तोवर ते एवढं घाणेरडं वाटलं नव्हतं. बाईंनी फक्त ताईचा पत्ता लिहून घेतला, आणि त्याला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात बाई घरी आल्या. ताई दोन तास बोलली. कुठली चादर आधी उकळायची, रक्ताचे डाग कसे काढायचे, कोणाची बोटं यंत्रात गेली. बाई भराभरा लिहून घेत होत्या. त्यांनी ताईच्या दंडावरच्या मोठ्या डागाबद्दल विचारलं.

"हा? वाफेची नळी फुटली तेव्हाचा. याची परीक्षा होती माइकच्या कामाची, घाबरला असता. म्हणून तेल उडालं सांगितलं घरी."

ताई हे बाईंना सांगत होती, त्याच्याकडे पाहतही नव्हती. तो पाणी आणायला म्हणून उठला आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या डागाबद्दल त्याने दुसऱ्यांदा कधी विचारलंच नव्हतं.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "ताई, चुकलो मी."

"चुकलास खरा," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

पुढच्या व्याख्यानात बाईंनी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. ताईला व्यासपीठावर बोलवायचं त्यांच्या मनात होतं, पण ती नको म्हणाली होती. तिचं सांगून झालं होतं. भाऊ-बहिणीचं बोलणं-चालणं सुटलं नाही. ती त्याला हाक मारते, जेवायला वाढते, त्याची थट्टाही करते. पण दर महिन्याला तो विचारतो, "ताई, येतेस का?" आणि ती म्हणते, "बघू." मग त्या शनिवारी तो एकटाच निघतो.